एक रोग, ऐंशी चिठ्ठ्या

१९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत मुंबईतल्या धारावीतील सुमारे शंभर खाजगी डॉक्टरांना एक प्रश्न विचारला होता. फुप्फुसाचा क्षय झालेला, पूर्वी त्यासाठी कधीच औषध न घेतलेला रुग्ण तुमच्यापुढे आला, तर तुम्ही कोणती औषधे, किती आणि किती काळ द्याल? प्रश्न काही कूट नव्हता. क्षयावर कोणती औषधे एकत्र द्यायची, हे तोवर जगभरच्या चाचण्यांतून पुरेसे ठरून गेले होते. डॉ. मुकुंद उपळेकर आणि डॉनल्ड शेपर्ड यांनी सगळी उत्तरे एकत्र मांडून पाहिली, तेव्हा त्यांत ऐंशी निरनिराळ्या औषधयोजना निघाल्या. त्यांतल्या बहुतेक चुकीच्या होत्या, आणि शिवाय महागही.

जवळजवळ दोन दशकांनी, २०१० मध्ये, डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तशाच दुसऱ्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. या वेळी मुंबईतले १०६ खाजगी डॉक्टर होते. योजना भरल्या त्रेसष्ट. बिनचूक चिठ्ठी लिहिणारे निघाले सहा.

हे वाचून डॉक्टर मंडळींच्या नावाने बोटे मोडणे सोपे आहे. आम्हाला मात्र या लेखात प्रश्नाकडे थोडे वेगळ्या बाजूने पाहायचे आहे. साध्या सर्दीला शंभर डॉक्टरांनी शंभर तऱ्हेच्या चिठ्ठ्या दिल्या, तर फारसे बिघडत नाही. रुग्णाचा खिसा हलका होतो आणि सर्दी आपल्या वेळेने बरी होते. क्षयाच्या चिठ्ठीतली तफावत मात्र कागदावर राहत नाही. ती रुग्णाच्या फुप्फुसातल्या जिवाणूंपर्यंत पोचते आणि त्यांच्या पुढच्या पिढ्या कशा असतील, हे ठरवते. असे का होते, हे समजायला वैद्यकाचे ज्ञान फारसे लागत नाही. शाळेत शिकवली जाणारी संभाव्यता पुरते.

पोकळीतले दहा कोटी

क्षयाचा जिवाणू रॉबर्ट कॉख याने १८८२ मध्ये दाखवून दिला. तो मोठा सावकाश वाढणारा जीव आहे. आपल्या आतड्यातला ई. कोलाय अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. क्षयाच्या जिवाणूला त्यासाठी वीस तासांच्या आसपास लागतात. पण फुप्फुसात एकदा पोकळी तयार झाली की तिथे त्यांची संख्या दहा कोटींच्या घरात सहज जाते.

इतक्या प्रचंड लोकसंख्येत सगळे एकसारखे नसतात. प्रत्येक विभाजनाच्या वेळी डीएनएची नक्कल होते आणि क्वचित एखादी चूक राहून जाते. बहुतेक चुका निरुपयोगी असतात. पण एखाद्या चुकीमुळे जिवाणू एखाद्या औषधाला दाद देत नाही. आयसोनियाझिडच्या बाबतीत असे जिवाणू सुमारे दहा लाखांत एक सापडतात, रिफाम्पिसिनच्या बाबतीत सुमारे दहा कोटींत एक. म्हणजे दहा कोटींच्या वस्तीत आयसोनियाझिडला न जुमानणारे शंभरेक जिवाणू आधीपासूनच हजर आहेत. रुग्णाने आयसोनियाझिडची पहिली गोळी तोंडात टाकण्यापूर्वीच!

या ‘आधीपासूनच’वर आम्ही मुद्दाम जोर देतो. ‘जंतूंना औषधाची सवय होते’ असे वाक्य वर्गात, वर्तमानपत्रांत आणि दवाखान्यांतही सर्रास ऐकू येते. त्यातून असा समज होतो की, औषध पोटात गेल्यावर जंतू हळूहळू त्याला सरावतात, जसे आपण तिखटाला सरावतो. वास्तवात एकही जंतू सरावत नाही. औषध फक्त निवड करते: मरणारे मरतात आणि आधीच वेगळे असलेले उरतात. हीच डार्विनची नैसर्गिक निवड. फरक इतकाच की, ती इथे काही आठवड्यांत, एका माणसाच्या छातीत घडते.

आता दोन औषधे एकदम दिली तर? दोन्हींना एकाच वेळी न जुमानणारा जिवाणू मिळण्याची शक्यता काढायला दोन्ही शक्यतांचा गुणाकार करावा लागतो. दहा लाखांत एक गुणिले दहा कोटींत एक, म्हणजे एक कोटी गुणिले एक कोटी इतक्या जिवाणूंमध्ये एक. एवढे जिवाणू कोणत्याही फुप्फुसात मावत नाहीत. क्षयाच्या उपचारात नेहमी अनेक औषधे एकत्र का देतात, याचे मूळ या गुणाकारात आहे. क्षयाच्या सगळ्या औषधयोजना त्याच्याच पायावर उभ्या आहेत.

वर्गात करून पाहण्याजोगा खेळ

साठ विद्यार्थ्यांचा वर्ग असेल तर पुढचा खेळ एका तासात होतो. प्रत्येकाजवळ एक फासा हवा. नसेल तर एक ते सहा आकडे लिहिलेल्या चिठ्ठ्या चालतील. प्रत्येक विद्यार्थी म्हणजे एक जिवाणू. आपल्याजवळ तीन औषधे आहेत: लाल, निळे आणि पिवळे. फाशावर सहा पडले तर त्या औषधातून जिवाणू वाचला, एरवी मेला. मेलेल्यांनी खाली बसायचे.

आधी तिन्ही औषधे एकदम द्या. प्रत्येकाने फासा तीनदा टाकायचा आणि तिन्ही वेळा सहा पडले तरच उभे राहायचे. अशी शक्यता २१६ मध्ये एक. साठ जणांच्या वर्गात चारपैकी तीन वेळा कोणीच उभे राहणार नाही. रुग्ण बरा झाला.

आता सगळ्यांना पुन्हा उभे करा आणि फक्त लाल औषध द्या. फासा एकदाच टाकायचा. दहाच्या आसपास विद्यार्थी उभे राहतील. रुग्णाला बरे वाटू लागले आहे, कारण साठातले पन्नास गेले. पण उरलेले दहा वाढणार आहेत. प्रत्येकाने आपल्या शेजारच्या पाच जणांना उठवायचे: ती त्याची संतती. वर्ग पुन्हा साठांचा झाला, आणि आता या साठही जणांवर लाल औषधाचा परिणाम होत नाही, कारण ते सगळे वाचलेल्यांचेच वंशज आहेत. रुग्ण पुन्हा खोकू लागतो. डॉक्टर म्हणतात, हे औषध लागू पडत नाही, दुसरे देऊन पाहू. निळे औषध द्या. पुन्हा दहा उरतात, पुन्हा साठ होतात. मग पिवळे. पुन्हा तेच.

शेवटी वर्गात साठ विद्यार्थी उभे आहेत आणि तिन्ही औषधे निकामी झाली आहेत. औषधे तीच, मात्रा तीच. क्रम तेवढा बदलला. तीन औषधे एकदम दिली तर रोग बरा होतो, आणि एकामागून एक दिली तर तिन्हींना दाद न देणारा क्षय हाताने घडवला जातो. आमचा अनुभव असा की, हा खेळ एकदा खेळलेले विद्यार्थी संभाव्यतेचा गुणाकाराचा नियम पुढे विसरत नाहीत.

हा धडा कसा मिळाला

शास्त्रज्ञांनाही हे सुरुवातीला कागदावरून उमगलेले नव्हते, रुग्णांवरून उमगले. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये सापडले. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने त्याची काटेकोर चाचणी घेऊन १९४८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. स्ट्रेप्टोमायसिन मिळालेल्या ५५ रुग्णांपैकी सहा महिन्यांत चार दगावले. नुसत्या विश्रांतीवर ठेवलेल्या ५२ पैकी चौदा. केवढे मोठे यश! पण पुढे बऱ्या होत चाललेल्या कितीतरी रुग्णांची प्रकृती पुन्हा ढासळली. त्यांच्या थुंकीतले जिवाणू तपासले, तर बहुतेकांत स्ट्रेप्टोमायसिनला न जुमानणारे जिवाणू माजलेले आढळले. पाच वर्षांनी दोन्ही गटांतल्या मृत्यूंत फारसा फरक उरला नव्हता. वर्गातल्या खेळाची ही पहिली फेरी होती, आणि ती खऱ्या माणसांवर खेळली गेली.

त्याच सुमारास ‘पास’ हे दुसरे औषध हाताशी आले. दोन्ही एकत्र दिली, तेव्हा न जुमानणारे जिवाणू माजण्याचे प्रमाण एकदम खाली आले. १९५२ मध्ये आयसोनियाझिड आले, साठच्या दशकात एथॅम्ब्युटॉल आणि रिफाम्पिसिन. पायराझिनामाइड आधीच ठाऊक होते, पण त्याचे खरे मोल नंतर कळले.

या इतिहासात भारताचे एक मोठे पान आहे. १९५६ मध्ये मद्रासला सुरू झालेल्या क्षयरोग रसायनोपचार केंद्राने १९५९ मध्ये दाखवून दिले की, आरोग्यधामात वर्षभर खाटेवर ठेवलेले रुग्ण आणि दाटीवाटीच्या घरांत राहून तीच औषधे घेणारे रुग्ण सारख्याच प्रमाणात बरे होतात. मोकळी हवा, सकस आहार, सक्तीची विश्रांती यांवरचा भर त्या एका चाचणीने ओसरला. मिरजेजवळच्या वानलेसवाडीसारखी आरोग्यधामे महाराष्ट्रातल्या कित्येक कुटुंबांच्या आठवणीत आहेत. त्यांचे महत्त्व कमी झाले ते मद्रासच्या चाचणीपासून. पण त्याबरोबर एक जबाबदारी मात्र आरोग्यधामाच्या भिंतीबाहेर आली. गोळ्या आता घरी घ्यायच्या होत्या, आणि चिठ्ठी कोण, कशी लिहितो यावर सगळे अवलंबून राहणार होते.

आजची प्रमाण चिठ्ठी

नव्या रुग्णासाठी, जिवाणू औषधांना दाद देणारे असतील तर, भारतात आज दिली जाणारी योजना अशी: पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि एथॅम्ब्युटॉल, पुढचे चार महिने पायराझिनामाइड वगळून उरलेली तीन. सगळी रोज, वजनाच्या हिशेबाने.

यातले प्रत्येक औषध वेगळे काम करते. आयसोनियाझिड भराभर वाढणाऱ्या जिवाणूंना मारते; पहिल्या काही दिवसांत थुंकीतले जिवाणू झपाट्याने कमी होतात ते मुख्यतः त्याच्यामुळे. पायराझिनामाइड आम्लधर्मी जागी, जिथे इतर औषधे फिकी पडतात तिथे, चालते. रिफाम्पिसिन अर्धवट झोपलेल्या, मधूनच जाग्या होणाऱ्या जिवाणूंनाही गाठते. उपचाराची मुदत दीड वर्षावरून सहा महिन्यांवर आली, ती या दोघांच्या बळावर. एथॅम्ब्युटॉल हा राखणदार आहे. बाकीच्यांपैकी एखादे औषध त्या जिवाणूंवर आधीच निकामी असेल, तर उरलेले एकटे पडू नये म्हणून त्याची सोबत.

शेवटचे चार महिने एथॅम्ब्युटॉल चालू ठेवण्याचे कारण आकड्यांत आहे. २०१४ ते २०१६ या काळात देशभर झालेल्या औषधप्रतिरोधाच्या पाहणीत नव्या रुग्णांपैकी सुमारे ११ टक्के, तर पूर्वी उपचार घेतलेल्यांपैकी सुमारे २५ टक्के रुग्णांमधले जिवाणू आयसोनियाझिडला दाद देत नव्हते. अशा रुग्णाला शेवटचे चार महिने फक्त आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन दिले, तर प्रत्यक्षात त्याला एकटे रिफाम्पिसिनच मिळते. चिठ्ठीवर दोन औषधे दिसतात, जिवाणूला मात्र एकच दिसते.

आता धारावीतल्या ऐंशी चिठ्ठ्यांकडे परत येऊ.

चिठ्ठी चुकते ती कशी

गंमत अशी की, बऱ्याचशा चिठ्ठ्यांत औषधे कमी नसतात, जास्तच असतात. २०१० च्या पाहणीतही गरजेपेक्षा अधिक औषधे, अधिक महिने देण्याकडे कल दिसला. त्यामागे भीती असते. रोग जुना वाटतो, रुग्ण अशक्त दिसतो, मग आणखी एक औषध घातले तर बरे. पण जास्त औषधे म्हणजे जास्त खर्च, जास्त मळमळ, यकृतावर जास्त ताण. आणि रुग्ण तिसऱ्या महिन्यात सगळीच बंद करतो.

दुसरी चूक मात्रेची. रिफाम्पिसिन किलोमागे १० मिलिग्रॅम द्यायचे असते. बाजारात एका दिवसाच्या गोळ्या एकत्र बांधलेले संच मिळतात, आणि त्यांत रिफाम्पिसिन बहुधा ४५० मिलिग्रॅम असते. पंचेचाळीस किलोच्या रुग्णाला ते बरोबर बसते. पासष्ट किलोच्या माणसालाही तोच संच दिला तर त्याच्या वाट्याला किलोमागे ७ मिलिग्रॅमही येत नाही. दवाखान्यात वजनकाटा असतो, पण गर्दीच्या वेळी तो वापरायला सवड नसते.

तिसरी चूक सगळ्यांत घातक, आणि ती करताना डॉक्टरला आपण काही चुकतो आहोत असे वाटतही नाही. रुग्ण तीन महिन्यांनंतरही खोकतो आहे, ताप उतरत नाही. चालू औषधे तशीच ठेवून त्यांत एक नवे घातले जाते. दोन आठवडे रुग्णाला बरे वाटते, मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मग आणखी एक नवे. चालू औषधांचा परिणाम होत नसेल, तर ती असून नसल्यासारखी आहेत आणि नवे औषध एकटेच लढते आहे. वर्गातला लाल-निळा-पिवळा खेळ तो हाच. नवी औषधे घालायचीच, तर जिवाणूंची तपासणी करून, ज्यांचा परिणाम होणार याची खात्री आहे अशी अनेक एकदम घालावी लागतात.

२०११ च्या अखेरीस मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयातून चार रुग्णांची हकिकत प्रसिद्ध झाली. त्यांच्या जिवाणूंवर तपासलेल्या औषधांपैकी एकाही औषधाचा परिणाम होत नव्हता. ‘संपूर्ण औषधप्रतिरोधी’ या शब्दप्रयोगावर सरकारने आणि जागतिक आरोग्य संघटनेने आक्षेप घेतला. तो वाद आम्ही बाजूला ठेवतो. आमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट दुसरीच होती. चारांपैकी तिघांना दुसऱ्या फळीची औषधे एकेक करून, पुष्कळदा चुकीच्या मात्रेत, निरनिराळ्या खाजगी डॉक्टरांकडून मिळालेली होती. अठरा महिन्यांत सरासरी चार डॉक्टर.

आणि चौथी चूक क्षयाचे निदान होण्यापूर्वीच घडते. खोकला दोन-तीन आठवडे टिकला की सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन अशा क्विनोलोन वर्गातल्या गोळ्या सर्रास दिल्या जातात. या गोळ्या क्षयाच्या जिवाणूंनाही काही प्रमाणात मारतात. त्यामुळे खोकला थोडा कमी होतो, निदान लांबते आणि त्या एकट्या औषधाखाली निवड होऊन जाते. पुढे कधी खरोखर गरज पडली, तर ते औषध हातचे गेलेले असते.

दोष कोणाचा

हे सगळे अज्ञानातून घडते असे म्हणणे अर्धे खरे आहे. दाट वस्तीतल्या दवाखान्यांत पुष्कळदा आयुर्वेद, होमिओपॅथी किंवा युनानीचे पदवीधर असतात, आणि त्यांच्या शिक्षणात क्षयाच्या या औषधयोजना नीट शिकवलेल्या नसतात. पण मुंबई व पाटणा इथे २०१४-१५ मध्ये झालेला एक अभ्यास अधिक बोलका आहे. प्रशिक्षण दिलेले काही जण रुग्ण बनून दवाखान्यांत गेले. प्रत्येकाने ठरवून दिलेली लक्षणे सांगायची आणि डॉक्टर काय करतात ते बाहेर येऊन टिपायचे. अशा २६०२ भेटींपैकी योग्य वाटेने गेल्या त्या साधारण ३५ टक्के. म्हणजे थुंकी किंवा छातीचा फोटो तपासायला सांगणे, नाहीतर योग्य ठिकाणी पाठवणे, एवढेही तीनपैकी दोन भेटींत झाले नाही. त्याआधी दिल्लीत झालेल्या तशाच पाहणीत त्याच डॉक्टरांना रुग्णाची हकिकत कागदावर देऊन प्रश्न विचारले, तेव्हा उत्तरे पुष्कळ बरी आली होती. माहीत असते, पण समोर माणूस बसल्यावर ते वापरले जात नाही!

का? रुग्णाला आज आराम हवा असतो. तपासणीला पाठवले तर तो दुसऱ्या दवाखान्यात जाईल, अशी धास्ती असते. क्षयाचे नाव काढले तर लग्न, नोकरी, घरमालक असे सगळे प्रश्न उभे राहतात. म्हणून चिठ्ठीवर औषधे क्षयाची आणि तोंडी निदान ‘छातीत कफ’ असे घडते. आणि रुग्णाच्या खिशात तीन दिवसांच्याच गोळ्यांचे पैसे असतात.

औषध दुकानदारांवर ठपका ठेवण्याची एक सवय आपल्याला आहे. दिल्ली, मुंबई आणि पाटण्याच्या दुकानांत असेच बनावट रुग्ण पाठवून झालेल्या अभ्यासात मात्र एकाही दुकानदाराने क्षयाची पहिल्या फळीची औषधे चिठ्ठीशिवाय दिली नाहीत. म्हणजे ही औषधे रुग्णाच्या हाती येतात ती डॉक्टरांच्याच सहीने. औषधविक्रीच्या आकड्यांवरून काढलेला एक अंदाज असा की, २०१४ मध्ये भारतातल्या खाजगी क्षेत्रात झालेला क्षयाचा उपचार सरकारी कार्यक्रमाच्या जवळजवळ दुप्पट होता.

सरकारी चिठ्ठी मात्र नेहमी निर्दोष होती, असेही कोणी समजू नये. १९९७ पासून विस्तारलेल्या सुधारित कार्यक्रमात औषधे आठवड्यातून तीनच दिवस दिली जात. प्रत्येक रुग्णाच्या नावाचा पूर्ण उपचाराचा खोका बाजूला काढून ठेवायचा ही त्यातली कल्पना उत्तम होती. मध्येच साठा संपला असे होत नसे. पण तीन दिवसांच्या उपचारात रोग उलटण्याचे आणि औषधप्रतिरोध माजण्याचे प्रमाण रोजच्या उपचारापेक्षा अधिक, असे पुरावे साचत गेले. जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही हा प्रश्न गेला आणि त्या वर्षापासून देशभर रोजची मात्रा आली. दुसरी गोष्ट अधिक बोचणारी आहे. रोग उलटलेल्या किंवा उपचार अर्धवट सोडलेल्या रुग्णांसाठी जी प्रमाण योजना होती, तीत पहिलीच चार औषधे आणि त्यांत भर म्हणून एकटे स्ट्रेप्टोमायसिन होते. न चालणाऱ्या योजनेत एकच नवे औषध घालू नये, हा नियम सगळ्या पाठ्यपुस्तकांत होता, आणि जगभरच्या कार्यक्रमांच्या पुस्तिकेत नेमके तेच लिहिलेले होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये ती योजना मागे घेतली. तोवर पाव शतक उलटून गेले होते.

चिठ्ठीच्या आधी तपासणी

गेल्या दहा-बारा वर्षांत बदल झाले आहेत. क्षयरुग्णाची नोंद कळवणे खाजगी डॉक्टरांनाही २०१२ पासून बंधनकारक झाले. २०१४ पासून क्षयाची औषधे विकताना दुकानदाराला वेगळी नोंदवही ठेवावी लागते. मुंबई आणि पाटण्यात खाजगी डॉक्टरांच्याच रुग्णांना सरकारी खर्चाने औषधे देण्याचे प्रयोग झाले. रुग्णाला डॉक्टर बदलायला न लावता चिठ्ठी सुधारण्याचा हा मार्ग आम्हाला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. कार्यक्रमातल्या गोळीत चारही औषधे एकत्र असल्याने त्यांतले एखादेच घेण्याची सोयच उरत नाही. ५० ते ६४ किलोच्या रुग्णाला अशा चार गोळ्या रोज. वजनगट बदलला की गोळ्यांची संख्या बदलते. अर्थात गोळ्या केंद्रात असायला हव्यात. मार्च २०२४ मध्ये केंद्राकडून पुरवठा अडला आणि राज्यांना स्थानिक खरेदी करण्यास सांगावे लागले.

त्याहून मोठा बदल तपासणीत आहे. जिवाणू वाढवून औषधांची परीक्षा घ्यायला पूर्वी दीड-दोन महिने लागत. तोवर डॉक्टर अंदाजानेच लिहीत असे. आता थुंकीतला डीएनए तपासून क्षय आहे का आणि रिफाम्पिसिन चालेल का, हे दोन तासांच्या आसपास कळते. ट्रूनॅट ही गोव्यातल्या मोल्बायो कंपनीची तपासणी बॅटरीवरही चालते, त्यामुळे ती लहान केंद्रांपर्यंत गेली. म्हणून आता सगळ्यांना सरसकट एकच चिठ्ठी देऊन भागत नाही. आयसोनियाझिड चालत नसेल तर योजना वेगळी, रिफाम्पिसिन चालत नसेल तर आणखी वेगळी. फरक असा की, हे वेगळेपण डॉक्टरच्या मनातून येत नाही, जिवाणूच्या डीएनएतून येते.

रिफाम्पिसिनला न जुमानणाऱ्या क्षयावर पूर्वी दोन वर्षे उपचार चालत, त्यात कित्येक महिने इंजेक्शने, आणि त्यांनी काही रुग्णांची श्रवणशक्ती जाई. भारताने २०२४ मध्ये चार तोंडी औषधांची सुमारे सहा महिन्यांची योजना मान्य केली: बेडाक्विलिन, प्रीटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन. यांतले शेवटचे क्विनोलोन वर्गातले आहे. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात खोकल्यासाठी दिल्या जाणाऱ्या गोळ्यांचे ते सख्खे भावंड.

शाळेत एखाद्या विद्यार्थ्याचा क्षयाचा उपचार चालू असेल तर शिक्षकांना काही गोष्टी माहीत असलेल्या बऱ्या. औषध नियमित चालू असेल आणि जिवाणू औषधांना दाद देणारे असतील, तर संसर्गाचा धोका लवकर ओसरतो. मूल कधी शाळेत येऊ शकेल, हे डॉक्टरांना विचारून घ्यावे. रिफाम्पिसिनमुळे लघवी नारिंगी होते. मूल घाबरले तर त्यात काही वावगे नाही, हे सांगावे. एथॅम्ब्युटॉलमुळे क्वचित लाल आणि हिरव्या रंगांतला फरक ओळखता येईनासा होतो. खडूचे किंवा नकाशातले रंग चुकू लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. मुलांच्या गोळ्या पाण्यात विरघळणाऱ्या असतात आणि त्यांचीही संख्या वजनावर ठरते. १६ ते २४ किलोच्या मुलाला तीन औषधांच्या अशा चार गोळ्या, आणि एथॅम्ब्युटॉल वेगळे. उपचार लागू पडला की मूल भराभर वजन घेते, आणि मग आधीची मात्रा अपुरी पडू लागते. शाळेत वजनकाटा असेल तर दर महिन्याला त्या मुलाचे वजन करून आकडा पालकांच्या हाती द्यावा. पुढच्या भेटीत तो डॉक्टरांना दाखवायचा असतो.